विरोधकांना विरोध सोसतो काय?

रशियन राज्यक्रांतीची कथा आपल्याकडे बहुधा शेवटाकडून आरंभाकडे सांगितली जाते. नोव्हेंबर १९१७ मध्ये, म्हणजे जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ऑक्टोबरात, बोल्शेविकांनी सत्ता हाती घेतली. ही घटना एकदा कळस मानली, की तिच्या आधीचे सारे काही केवळ पूर्वतयारी वाटू लागते आणि झारशाहीशी जवळजवळ शतकभर झुंजलेले इतर गट पाठ्यपुस्तकातील एखाद्या ओळीपुरते उरतात. डिसेंब्रिस्ट, नारोदनिक, समाजवादी क्रांतिकारक, मेन्शेविक, कॅडेट, ज्यू कामगारांचा बुंद ही नावे परीक्षेपुरती पाठ होतात आणि परीक्षेबरोबर विसरली जातात. वास्तविक त्या क्रांतीपासून आज काही शिकायचे असेल, तर ते विजेत्यांच्या चरित्रांपेक्षा या पराभूतांच्या आपसांतील संबंधांतून अधिक शिकता येईल. राज्यकर्त्यांना विरोध करण्याचे धैर्य त्यांच्यापैकी कोणाजवळच कमी नव्हते. फाशी, हद्दपारी आणि सैबेरिया यांची भीती त्यांनी केव्हाच टाकली होती. खरा प्रश्न निराळा होता. विरोध करणाऱ्यांना स्वतःला विरोध सोसतो काय, हा तो प्रश्न.

तो प्रश्न दूरच्या देशाचा आणि गेलेल्या काळाचा नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. 'राजूर कॉलरी' हेच त्याचे रूढ नाव. कोळशाच्या या साऱ्या पट्ट्यात कामगारांची संघटना कधीच एक नसते. निरनिराळ्या रंगांचे झेंडे, निरनिराळे पुढारी आणि एकाच मागणीसाठी निघालेली निरनिराळी पत्रके हे तेथील नित्याचे दृश्य. आपल्या शिक्षक संघटनांत आणि कारकुनांच्या संघटनांत तरी याहून वेगळे काय दिसते? 'इतके झेंडे कशाला, एकच संघटना असती तर किती बरे झाले असते', असा उद्गार मग सहज निघतो. हा उद्गार समजण्यासारखा असला, तरी तो किती महाग पडू शकतो हे रशियाचा इतिहास सांगतो आणि तो स्वस्तात कसा निभावता येतो हे नागपूरचा.

बंद दारांचे राज्य

प्रथम रशियाकडे पाहू. डिसेंबर १८२५ मध्ये काही उमराव अधिकाऱ्यांनी राज्यघटनेच्या मागणीसाठी केलेला उठाव एका दिवसात मोडला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी पाच जणांना फाशी झाली. त्यानंतर अर्धशतकाने, १८७४ च्या उन्हाळ्यात, हजारो विद्यार्थी आणि विद्यार्थिनी शेतकऱ्यांचा वेष करून खेड्यांत गेले. जनतेला जागे करावे हा त्यांचा हेतू होता. पण ज्या शेतकऱ्यांसाठी ते घरदार सोडून आले होते, त्यांना या शहरी मुलांची भाषाच परकी वाटली; काहींनी तर त्यांना पोलिसांच्या स्वाधीन केले. या अपयशातून १८७९ मध्ये 'जमीन आणि स्वातंत्र्य' या संघटनेची दोन शकले झाली. प्लेखानोव्ह यांच्या गटाने शांत प्रचाराचा मार्ग धरला, तर 'नारोदनाया वोल्या' या गटाने बॉम्ब हाती घेतला.

१३ मार्च १८८१ रोजी या गटाने झार दुसरा अलेक्झांडर याचा वध केला. त्याच दिवशी सकाळी झारने निवडून आलेल्या प्रतिनिधींना कायद्यांच्या विचारविनिमयात काही स्थान देणाऱ्या एका योजनेला संमती दिली होती. योजना अगदी मर्यादित होती. पण तेवढाही दरवाजा बॉम्बच्या आवाजाबरोबर बंद झाला. नव्या झारने सुधारणांचा मार्गच सोडला. दोष केवळ बॉम्बवाल्यांचा म्हणता येणार नाही. ज्या राज्यात सभा भरवणे हा गुन्हा, वर्तमानपत्र काढणे हा गुन्हा आणि संघटना स्थापणे हाही गुन्हा, तेथे विरोध भूमिगत होतो, यात आश्चर्य नाही.

भूमिगत राजकारणाचे मात्र स्वतःचे काही रोग असतात. तेथे उघड निवडणूक होत नाही, म्हणून बहुमत कोणाचे हे कळत नाही. तेथे हिशेब विचारता येत नाही, म्हणून पुढारी कोणाला उत्तरदायी नसतो. आणि तेथे सहकारी कोण व हेर कोण हे ओळखता येत नाही, म्हणून मतभेद आणि विश्वासघात यांतील सीमारेषाच पुसली जाते. समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या लढाऊ पथकाचा प्रमुख येव्नो अझेफ हा अनेक वर्षे पोलिसांचा पगारी हस्तक होता, हे १९०८ च्या अखेरीस उघडकीस आले. बोल्शेविकांच्या वतीने चौथ्या ड्यूमात निवडून गेलेला रोमान मालिनोव्हस्की हाही तसाच निघाला. पोलिसखात्याने मॉस्कोत १९०१ पासून कामगारांच्या संघटनाही आपल्या आश्रयाने काढून पाहिल्या. हेतू असा, की कामगारांनी पगाराबद्दल बोलावे, राज्याबद्दल बोलू नये. पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये अशाच सरकारमान्य संघटनेचे प्रमुख फादर गॅपन यांच्यामागून कामगार झारला अर्ज देण्यास निघाले, तेव्हा २२ जानेवारी १९०५ रोजी त्या निःशस्त्र जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. सरकारने स्वतः उघडलेले एकुलते एक दारही असे रक्ताने माखले.

फूट आणि तिचे मोल

या पार्श्वभूमीवर १९०३ च्या फुटीकडे पाहिले पाहिजे. रशियन सामाजिक लोकशाही कामगार पक्षाचे दुसरे अधिवेशन ब्रुसेल्समध्ये सुरू झाले आणि बेल्जियन पोलिसांच्या त्रासामुळे लंडनमध्ये पुरे झाले. वाद वरकरणी क्षुल्लक होता. पक्षाचा सदस्य कोणाला म्हणावे, याच्या व्याख्येतील काही शब्दांवर लेनिन आणि मार्तोव्ह यांचे जुळेना. सदस्याने पक्षाच्या एखाद्या शाखेत प्रत्यक्ष काम केलेच पाहिजे, असे लेनिनचे म्हणणे. शाखेच्या देखरेखीखाली नियमित साह्य करणाराही सदस्य असावा, असे मार्तोव्ह यांचे. या मुद्द्यावर मार्तोव्ह जिंकले. पुढे बुंदचे प्रतिनिधी व आणखी काही जण सभात्याग करून गेले, त्यामुळे उरलेल्या सभेत लेनिनचे पारडे जड झाले आणि त्यांच्या गटाला 'बहुमतवाले' म्हणजे बोल्शेविक हे नाव चिकटले. 'अल्पमतवाले' म्हणजे मेन्शेविक. एका सभेतील एका दिवसाच्या मोजणीतून निघालेली ही नावे पुढे कायमची झाली, आणि प्रचाराच्या दृष्टीने ती बहुमतवाल्यांच्या फार उपयोगी पडली.

१९०५ च्या सार्वत्रिक संपाने झारला नमते घ्यावे लागले. ऑक्टोबरच्या जाहीरनाम्याने ड्यूमा म्हणजे प्रतिनिधिगृह कबूल झाले. उदारमतवादी कॅडेट पक्ष याच सुमारास स्थापन झाला आणि पहिल्या ड्यूमात सर्वांत मोठा गट त्याचाच होता. पण ती ड्यूमा तीन महिन्यांच्या आत विसर्जित झाली. दुसरी चार महिनेही टिकली नाही. आणि १९०७ च्या जूनमध्ये पंतप्रधान स्टॉलिपिन यांनी निवडणुकीचा कायदाच असा बदलला, की पुढच्या ड्यूमात जमीनदारांचे वर्चस्व राहावे. कायद्याच्या मार्गाने जाऊ पाहणाऱ्यांचे हसे करण्याचा याहून खात्रीचा उपाय नव्हता. ज्याने उघड विरोधकाला दुबळे केले, त्याने गुप्त विरोधकाला बळकट केले, एवढाच या धोरणाचा परिणाम झाला.

म्हणूनच १९१७ मध्ये झारशाही कोसळली, तेव्हा रशियात पक्ष पुष्कळ होते; पण परस्परांना सोसण्याची सवय कोणालाच नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस घटना समितीसाठी निवडणूक झाली. समाजवादी क्रांतिकारकांना सर्वांत जास्त जागा मिळाल्या. बोल्शेविकांना सुमारे चतुर्थांश मते पडली. १८ जानेवारी १९१८ रोजी समितीची पहिली बैठक भरली, आणि तीच शेवटची ठरली. दुसऱ्या दिवशी बोल्शेविक सरकारने ती बरखास्त केली. तिच्या समर्थनार्थ निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा मॅक्सिम गॉर्कींनी आपल्या वृत्तपत्रात त्याची तुलना उघडपणे १९०५ च्या रक्तरंजित रविवाराशी केली. कॅडेट पक्ष त्याआधीच बेकायदा ठरला होता. १९२२ मध्ये समाजवादी क्रांतिकारकांवर खटला झाला. मार्तोव्ह यांनी देश सोडला आणि १९२३ मध्ये जर्मनीत त्यांचा अंत झाला. या क्रमाचे शेवटचे पाऊल विशेष बोलके आहे. मार्च १९२१ मध्ये खुद्द बोल्शेविक पक्षातही गट करण्यास बंदी झाली. बाहेरच्या विरोधकांना दार बंद करणाऱ्याला घरातल्या विरोधकालाही जागा ठेवता येत नाही, हे यावरून दिसते.

आपल्याकडे आले ते काय?

महाराष्ट्राने रशियातील विरोधी गटांकडे पाहिले नव्हते असे नाही. पण आपली दृष्टी दोन टोकांवरच खिळली. लंडनच्या अभिनव भारत मंडळींपैकी सेनापती बापट पॅरिसला गेले आणि तेथील रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बॉम्बची विद्या मिळवली. त्या माहितीपत्रकाच्या प्रती पुढे हिंदुस्थानात पोहोचल्या. हे पहिले टोक. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर 'केसरी'त आलेल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि परदेशात असलेल्या लेनिनने त्या संपाची दखल घेणारा लेख लिहिला. १९२१ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांची 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका मुंबईत निघाली. हे दुसरे टोक. बॉम्ब आणि लेनिन यांच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश, म्हणजे सनदशीर विरोधक, मतभेद असलेले समाजवादी, हरलेले लोकशाहीवादी, तो मराठी वाचकाच्या नजरेआड राहिला.

आणि तरीही, तेच नाटक आपल्या रंगभूमीवर झाले, तेव्हा त्याचा शेवट निराळा झाला. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना १९२० मध्ये मुंबईत झाली. तिचे सरचिटणीस नारायण मल्हार जोशी हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते, स्वभावाने नेमस्त आणि कायद्याच्या कामात चिकाटीचे. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला, त्यामागे त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ पासून लावलेला रेटा होता. दुसऱ्या बाजूस मुंबईच्या १९२८ च्या संपातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन आणि तिचे साम्यवादी पुढारी. मार्च १९२९ मध्ये त्यांतील अनेकांना मीरत खटल्यात अटक झाली. अशा तापलेल्या हवेत त्या वर्षाच्या अखेरीस नागपूरला अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. इंग्रज सरकारने नेमलेल्या व्हिटली मजूर आयोगावर बहिष्कार घालावा, असा ठराव आला. जोशी स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते. ठराव बहुमताने संमत झाला आणि जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यांनी वेगळा महासंघ काढला. १९३१ मध्ये आणखी एक फूट पडली आणि साम्यवाद्यांनी 'लाल' ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन केली.

१९०३ चे लंडन आणि १९२९ चे नागपूर यांत साम्य पुष्कळ आहे. तेच नेमस्त आणि जहाल, तेच सभात्याग, तीच परस्परांवर गद्दारीची टीका. पण पुढचा मार्ग फुटतो तो येथे. लाल संघटना १९३५ मध्ये मूळ संस्थेत परत आली. एप्रिल १९३८ मध्ये नागपूरलाच संयुक्त अधिवेशन भरले आणि जोशींच्या बाजूचा महासंघ मूळ संस्थेशी जोडला गेला. १९४० मध्ये विलीनीकरण पुरे झाले आणि जोशी पुन्हा सरचिटणीस झाले. समझोत्याच्या अटी लक्षात घेण्याजोग्या आहेत. दोन्ही बाजूंना कार्यकारिणीत समान स्थान आणि राजकीय प्रश्न तसेच संप यांवरील निर्णयासाठी तीनचतुर्थांश बहुमत. याचा अर्थ असा, की निसटते बहुमत असलेल्या गटाने उरलेल्यांना ओढून न्यायचे नाही. लंडनच्या सभेने ज्या मोजणीला पवित्र मानले, त्या मोजणीला नागपूरने लगाम घातला.

हा फरक माणसांच्या स्वभावातून आला असे मानणे भाबडेपणाचे होईल. मार्तोव्ह काही जोशींहून कमी सज्जन नव्हते. फरक होता तो मोकळ्या जागेचा. इंग्रजी राज्य परकीय होते आणि प्रसंगी क्रूरही होते. तथापि १९२६ च्या कायद्याने संघटना उघड नोंदवता येत होती, तिला हिशेब ठेवावे लागत होते, अधिवेशने उजेडात भरत होती आणि हरलेल्याला वेगळी संस्था काढून पुन्हा परत येता येत होते. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे सार्वजनिक आयुष्यही हेच सांगते. टिळकांचे ते अनुयायी. १९३० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील जंगल सत्याग्रहाचे पुढारी. १९३३ मध्ये काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष. आणि पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयांसह वेगळा पक्ष काढणारे. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांच्या प्रत्येक निर्णयावर टीका झाली आणि ती होणे योग्यही होते. पण मतभेदासाठी त्यांना देश सोडावा लागला नाही, की त्यांच्या नावापुढे शत्रू हा शब्द लिहिला गेला नाही.

एकच संघटना, एकच दार

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. नागपूरची एकजूट तरी कोठे टिकली? १९४७ मध्ये इंटक, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ आणि १९७० मध्ये सिटू असे वेगळे होणे चालूच राहिले. हे खरे आहे. पण एकजूट म्हणजे एक संघटना नव्हे. १ मे १९७३ रोजी देशातील कोळसा खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्यावर कोळसा कामगारांच्या वेतनाचे करार एका संयुक्त समितीत होऊ लागले. पहिला करार १ जानेवारी १९७५ पासून लागू झाला. अकरावा २०२३ मध्ये झाला. या समितीत एकमेकांविरुद्ध निवडणुका लढवणाऱ्या पक्षांशी नाते असलेल्या संघटना व्यवस्थापनासमोर एकाच बाजूला बसत आल्या आहेत. राजूरच्या परिसरातील खाणकामगाराच्या घरी येणारा पगार अशा अनेक झेंड्यांच्या एकत्र सहीने ठरतो. ही व्यवस्था निर्दोष नाही. कंत्राटी कामगारांचा आवाज तेथे फार क्षीण पोहोचतो, ही तिची मोठी उणीव आहे. तरीही मतभेद राखून एकत्र बसण्याची सवय तिने लावली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

उलट, एकच दार ठेवले म्हणजे काय होते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला बोलण्याचा अधिकार दिला. कामगारांचे मन तिच्यापासून दूर गेल्यावरही कायद्याचे दार दुसऱ्या कोणासाठी उघडेना. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यामागे बोनस आणि पगार यांबरोबर हा कोंडमाराही होता. संपाचे पुढे काय झाले ते गिरणगावाला ठाऊक आहे. झारचे राज्य आणि आपले प्रजासत्ताक यांची तुलना ओढूनताणून करण्याचे कारण नाही. पण बहुसंख्यांना जी संघटना आपली वाटत नाही तिच्यामार्फतच बोला, असे सांगणाऱ्या कायद्याचा शेवट दोन्हीकडे रस्त्यावरच होतो.

संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेकडे या दृष्टीने पाहणे अवश्य आहे. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला ती एकमेव वाटाघाटी संघटना मानते. तसे बहुमत कोणालाच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. व्यवस्थापनाने सात जणांशी सात ठिकाणी बोलत बसावे, असे कोणी म्हणणार नाही. संघटनांच्या चढाओढीत कामगारांचेच नुकसान होते, हाही अनुभव आहे. पण मग परिषदेची वाट अपवाद का आणि एकाधिकाराची वाट नियम का? ४९ टक्क्यांना खुर्चीच न देणारी मोजणी ही लंडनच्या सभेतली मोजणी आहे. बहुमताने करार करावा. मात्र अल्पमताला टेबलाशी बसण्याचा, आपली असहमती नोंदवण्याचा आणि ठरावीक मुदतीने गुप्त मतदानाने आपले बळ अजमावण्याचा हक्क असावा. नियम करताना एवढी काळजी घेणे राज्य सरकारांना अवघड नाही.

त्याहून मोठी जबाबदारी मात्र संघटनांची आहे. आज ज्यांच्याकडे ५१ टक्के आहेत, त्यांना हा नियम गोड वाटेल. अल्पमतात गेल्यावर तोच अन्याय वाटेल. शिक्षकांच्या पतपेढीपासून खाणकामगारांच्या युनियनपर्यंत सर्वांनी एक कसोटी स्वतःला लावून पाहावी. आपल्या सभेत आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याला आपण पुरते बोलू देतो काय, आणि हरलेल्या गटाला पुढच्या निवडणुकीपर्यंत सन्मानाने वावरू देतो काय? रशियातील शूर माणसांनी झारशी कसे लढावे याचे सारे धडे गिरवले. हा एक धडा तेवढा राहिला. तो राहिल्याची किंमत त्यांनी स्वतः तर दिलीच, पण त्यांच्या देशाने पुढील सत्तर वर्षे दिली.